शोभेचे लूव्हर काचेवर नकोत, पिलरवर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊन तापू लागले की गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात काळ्या पात्यांचे लूव्हर, म्हणजे चौकटीत बसवलेल्या तिरप्या पट्ट्यांच्या जाळ्या, जोरात खपतात. मागच्या दारामागची तिकोनी काच, डिकीची काच किंवा मागचा खांब, ज्याला फिटर मंडळी सी-पिलर म्हणतात, अशा तीन जागी ते चिकटवले जातात. घरच्या घरी दहा मिनिटांत बसतात, असे सांगून ते विकले जातात. दहा मिनिटांत ते बसतात हे खरे, पण टिकत नाहीत. पहिल्या जोरदार पावसात किंवा पुणे-नाशिकसारख्या रस्त्यावर वेग घेतल्यावर एक कोपरा सुटतो, वारा आत शिरतो आणि अर्ध्या किलोची प्लॅस्टिकची चौकट मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाते. आपल्या गाडीच्या शोभेसाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून हे काम कुठे करावे, कुठे करू नये आणि करायचे तर कसे, हे सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण यातले मोजमाप गाळून छापले तर त्याचा कोणाला उपयोग होणार नाही.

आधी जागेचा प्रश्न. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेला आदेश बहुतेकांना फक्त फिल्मपुरता आठवतो. त्या आदेशात काळ्या फिल्मबरोबरच काचेवर लावलेल्या 'इतर कोणत्याही साहित्या'वरही बंदी आहे आणि ती पुढच्या, मागच्या व बाजूच्या अशा सगळ्या काचांना लागू आहे. पुढे नियम १०० मध्ये 'सेफ्टी ग्लेझिंग'चा, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेल्या काचेसारख्या साहित्याचा, समावेश झाला, तो २०२१ पासून लागू आहे, पण ७० आणि ५० टक्क्यांची अट कायम राहिली. पाती असलेली अपारदर्शक चौकट काचेवर चिकटवली तर ती या आदेशाच्या शब्दांतच सापडते. विकणारा हे सांगत नाही आणि दंड मात्र गाडीमालकाला होतो. नियमात न बसणारा बदल गाडीत केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी काचेवर लूव्हर नको, असेच माझे ठाम मत आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डावीकडे लेन बदलताना किंवा गाडी मागे घेताना मान वळवून ज्या फटीतून पाहायचे, ती नेमकी डाव्या मागच्या बाजूची छोटी काच. आपल्या रस्त्यांवर रिक्षा आणि दुचाक्या याच बाजूने घुसतात. आरशात न दिसणारी दुचाकी त्या तिकोनी काचेतून दिसते आणि पाती लावली की तीही दिसेनाशी होते. दुसरे कारण पुराचे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांत गुदमरून माणसे मेली. अशा वेळी बाजूची किंवा मागची कडक केलेली काच कोपऱ्यावर टोकदार घाव घालून फोडता येते. पुढची काच थरांची असल्याने ती तडकते, पण मोकळी होत नाही. म्हणजे बाहेर पडायची वाट बाजूने आणि मागूनच. तिच्यावर पात्यांची चौकट, तीही ॲल्युमिनियमची आणि ब्रॅकेटने कसलेली असेल, तर सुटकेची एक वाट आपण आपल्या हाताने बंद केली.

डिकीच्या काचेवरच्या पूर्ण आकाराच्या लूव्हरबद्दल तर चर्चाही नको. त्याने मागचा वायपर निकामी होतो, काचेच्या वरच्या बाजूला असलेला तिसरा ब्रेक लाइट झाकला जातो, धातूचा असेल तर काचेतल्या ॲन्टेनाचे काम बिघडते. हॅचबॅकमध्ये ही काच डिकीच्या दारातच असते, त्यामुळे दार आपटले की प्रत्येक वेळी टेपला झटका बसतो आणि दार वर उचलून धरणारे गॅस स्ट्रट जास्तीचे वजन उचलत राहतात. हे काम घरी करू नये आणि दुकानातही करून घेऊ नये.

लूव्हरने गाडी थंड राहते, हा दावाही तपासून घ्यावा. ही पाती मुळात कामासाठी आली. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी म्युराचे इंजिन आसनांच्या मागे होते. तिथली उष्णता बाहेर जावी आणि मागचेही थोडे दिसावे, म्हणून तिच्या मागच्या बाजूला काचेऐवजी पाती आली. १९६५ च्या फोर्ड मस्टँग फास्टबॅकच्या मागच्या पिलरवर पाती होती, ती केबिनमधली हवा खरोखर बाहेर सोडत. १९६९ च्या मस्टँग बॉस ३०२ ला मागच्या उतरत्या काचेवर पाती मिळत. तिरप्या, मोठ्या काचेवर वरून येणारे ऊन अडवायला आडवी पाती उपयोगी पडतात आणि त्यांच्या फटींतून चालकाला सरळ मागे दिसते. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि एसयूव्हींची मागची काच जवळजवळ उभी असते. मे महिन्यात पुण्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा बाजूच्या छोट्या काचेवर थेट ऊन पडतच नाही. गाडी तापते ती छतातून आणि पुढच्या काचेतून. तेव्हा लूव्हर शोभेसाठी घ्यायचे असतील तर शोभेसाठीच घ्यावेत. गाडी गार ठेवायला पुढच्या काचेवर उभी करायची घडीची सनशेड कितीतरी कामाची आहे, आणि ती गाडी उभी असतानाच लावायची असल्याने नियमाचाही प्रश्न येत नाही.

राहिली तिसरी जागा, सी-पिलर. अलीकडच्या अनेक गाड्यांत या पिलरवर काचेसारखी दिसणारी चकचकीत काळी प्लॅस्टिकची पट्टी असते. २०१९ पासूनच्या वॅगन-आरमध्ये ती सहज दिसेल. तिच्यामागे काच नाही, चालकाची नजर अडत नाही, कोणाची सुटकेची वाट बंद होत नाही आणि आरसीवरच्या नोंदींतही काही फरक पडत नाही. काही गाड्यांत हा पिलर रंगवलेल्या पत्र्याचा रुंद भाग असतो, तिथेही चालते. हौस भागवायला ही जागा पुरेशी आहे. यापुढचे सगळे या जागेबद्दलच आहे.

खरेदी करताना लूव्हर उलटा करून पाहावा. चांगल्या मालावर मागे प्लॅस्टिकचा प्रकार कोरलेला असतो : एबीएस, एएसए किंवा पीपी. एएसए उन्हाला सर्वांत टिकाऊ. एबीएस चालते, फक्त रंगाचा किंवा लॅकरचा थर नसेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत करडे पडू लागते. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला टेप जवळजवळ चिकटतच नाही, टेप धरावा म्हणून आधी लावायचा द्रव, म्हणजे प्रायमर, लावला तरच धरतो. खूण कोरलेली नसेल तर बादलीत बुडवून पाहावे : एबीएस पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने बुडते, पीपी तरंगते. पाण्यात धरताना पात्यांखाली अडकलेली हवा बोटाने काढून टाकावी, नाही तर एबीएसही तरंगून फसवेल. पात्यांच्या कडा गोल हव्यात. गाडीच्या अंगापासून एक सेंटीमीटरपेक्षा जास्त बाहेर येणारे पाते घेऊ नये. ते शेजारून जाणाऱ्याच्या कोपराला लागते, गाडी पुसणाऱ्याचे बोट कापते आणि वाऱ्याला जास्त धरायला मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. टेपचा कागद न काढता लूव्हर जागेवर नुसता धरावा आणि चारही बाजूंनी फट पाहावी. बहुतेक लूव्हर पडतात ते इथेच ठरते. लोकांना वाटते टेप कमी पडला. हिशेब करून पाहा. चांगल्या अक्रेलिक फोम टेपसाठी उत्पादकांचा ठोकताळा असा की कायम लटकणाऱ्या १ किलो वजनाला साधारण ५५ चौरस सेंटीमीटर टेप लागतो. लूव्हर ४०० ग्रॅमचा धरला तर २२ चौरस सेंटीमीटर पुरे. १२ मिमी रुंदीचा टेप ८० सेंटीमीटर लावला की ९६ चौरस सेंटीमीटर होतो, गरजेच्या चौपटीहून जास्त. तरीही लूव्हर सुटतो, कारण चौकटीचा बाक आणि पिलरचा बाक जुळत नाही. हाताने दाबून ती बसवली जाते, पण प्लॅस्टिक मूळच्या आकारात जाऊ पाहते आणि टोकाचा टेप रात्रंदिवस सोलला जात राहतो. फोम टेप ओढ चांगली सहन करतो, सोलणे मात्र त्याला सोसत नाही.

यासाठी साधा नियम : जिथे सर्वांत मोठी फट आहे, तिच्या दुप्पट तरी टेपची जाडी हवी. १.१ मिमी जाडीचा टेप अर्ध्या मिमीची फट झाकतो. फट १ मिमीपर्यंत असेल तर २ मिमीचा टेप घ्यावा. त्याहून जास्त असेल तर तो लूव्हर त्या गाडीचा नाही, परत करावा. हीट गनने वाकवून जुळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एबीएस साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते. हीट गनची हवा त्याच्या कितीतरी पुढे जाते. चौकट सरळ व्हायच्या आधी पातळ पाती वेडीवाकडी होतात.

टेपबद्दल. चौकटीला आधीपासून लावलेला टेप बऱ्याचदा पांढऱ्या पॉलिइथिलीन फोमचा असतो. ओळख सोपी आहे : तो फाडला की स्पंजसारखी छिद्रे दिसतात आणि ताणला की तुटतो. अक्रेलिक फोम टेप, ज्याला दुकानात व्हीएचबी म्हणून मागतात, रबरासारखा ताणला जातो आणि सावकाश परत येतो. चंद्रपूर-नागपूरकडे ४५ अंशांच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचे काळे प्लॅस्टिक ७० अंशांच्याही पुढे तापते. तिथे पांढऱ्या टेपचा स्वस्त रबरी गोंद घसरू लागतो, अक्रेलिक टिकतो. म्हणून कंपनीचा टेप काढून टाकावा, त्याचा सगळा गोंद पुसावा आणि १२ मिमी रुंदीचा काळा अक्रेलिक फोम टेप लावावा. दोन लूव्हरच्या जोडीसाठी ३ मीटरचे एक रीळ पुरते. रिळावरची तारीख पाहावी. अशा टेपचे आयुष्य साधारण २४ महिन्यांचे असते आणि तेही सावलीत ठेवला तर.

इन्स्टंट ग्लू वापरू नये, हे जरा खुलासेवार सांगतो, कारण टेप सुटला की पहिली धाव तिकडेच असते. ऊन आणि रात्रीचा गारवा यांत ५० अंशांचा फरक पडला तर ४० सेंटीमीटर लांबीचे एबीएस साधारण दीड मिमी वाढते. त्याखालचा पत्रा पाव मिमीच वाढतो. हा सव्वा मिमीचा फरक रोज कुठेतरी मुरला पाहिजे. फोम टेप बाजूला सरकून तो मुरवतो. इन्स्टंट ग्लू कडक असतो, तो काही दिवसांत तडकतो किंवा सोबत गाडीच्या रंगाचा पापुद्रा घेऊन निघतो. शिवाय त्याच्या वाफेने काळ्या प्लॅस्टिकवर पांढरी झाक येते. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंटही नको. त्याचा अंश राहिलेल्या जागेवर नंतर कोणताच टेप धरत नाही.

सामान असे लागेल : ३ मीटर टेप, १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेवढेच डिस्टिल्ड वॉटर, दोन-तीन नवी मायक्रोफायबर फडकी, २४ मिमीचा मास्किंग टेप, मोजपट्टी, भांडी घासायचे पातळ डिश वॉश, करड्या रंगाचा बारीक स्कॉच-ब्राइट, छोटा रबरी रोलर आणि हेअर ड्रायर. पीपीचा लूव्हर असेल तर टेपचा प्रायमरही. हँड सॅनिटायझर अल्कोहोलऐवजी चालत नाही, त्यातले ग्लिसरीन मागे राहते. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांना हातही लावू नये. ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळते आणि थिनरने रंग मवाळ होतो. फडके फॅब्रिक कंडिशनरमध्ये धुतलेले नको, त्याचाही थर पृष्ठभागावर उतरतो.

वेळ सकाळची, जागा सावलीची. पृष्ठभाग २१ ते ३८ अंशांमध्ये असावा, म्हणजे हाताला ना गार ना चटका देणारा. नाशिक किंवा महाबळेश्वरच्या थंडीत पहाटे टेपचा गोंद कडक असतो, तो पृष्ठभागावर पसरतच नाही. तेव्हा हेअर ड्रायरने पिलर आणि टेप दोन्ही कोमट करावेत. पावसाळ्यात उघड्यावर हे काम करू नये. हवेतला दमट थर डोळ्यांना दिसत नाही, पण टेपखाली तोच राहतो. पिलर नव्याने रंगवला असेल तर महिनाभर थांबावे, नाही तर रंगातून निघणारी वाफ टेपखाली बुडबुडे धरते आणि पुढे टेप काढताना रंगच निघून येतो.

पहिली पायरी डिश वॉशच्या पाण्याने धुणे, मग साध्या पाण्याने. मग अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मेनिम्मे मिसळून एका फडक्याने पुसायचे आणि ते हवेत वाळण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचे. एकाच फडक्याने घोळत राहिले तर मेण फक्त जागा बदलते. चकचकीत काळ्या प्लॅस्टिकवर आधी कोपऱ्यात थोडे लावून पाहावे आणि कुठेही मिश्रण मुरू देऊ नये, काही प्लॅस्टिकांवर अल्कोहोलने केसासारख्या बारीक चिरा येतात. गाडीला मेण, टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर ते टेपच्या वाटेवरून निघालेच पाहिजे. ज्या कामासाठी कोटिंगला पैसे मोजले, ते कामच कशाला चिकटू न देण्याचे आहे. तपासायचे कसे? स्वच्छ पाणी शिंपडावे. पाणी सपाट पसरले तर जागा तयार. गोळे होऊन घरंगळले तर पुन्हा पुसावे. सिरॅमिक नुसत्या अल्कोहोलने निघत नाही, त्याला पॉलिशिंग लागते आणि ते काम जाणकाराकडून करून घ्यावे.

लूव्हरची मागची बाजूही तितकीच महत्त्वाची. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या मेणचट द्रवाचा थर नव्या मालावर असतो. टेप जिथे येणार ती पट्टी स्कॉच-ब्राइटने हलकी घासावी, चमक गेली की थांबावे आणि त्याच मिश्रणाने पुसावे. पीपी असेल तर इथे प्रायमरचा अगदी पातळ हात द्यावा आणि पाचेक मिनिटे वाळू द्यावा. गाडीच्या रंगावर प्रायमर सांडला तर पिवळट डाग पडतो, म्हणून हे काम गाडीपासून लांब करावे.

टेप चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून ३ मिमी आत लावायचा. कोपऱ्यात वळवायचा नाही, कापून तिरका भिडवायचा. वळवलेला टेप कोपऱ्यात उचलतो आणि सुटण्याची सुरुवात तिथूनच होते. पुढची उभी कड, जिच्यावर वारा येतो, ती अखंड ठेवावी. खालच्या कडेला दोन ठिकाणी १० ते १५ मिमी जागा सोडावी. चारही बाजूंनी टेप बंद केला की आत शिरलेले पाणी कोंडते, शेवाळ धरते आणि टेप महिनोन् महिने ओला राहतो. कोकणातल्या गाड्यांना ही सोडलेली जागा तर हवीच हवी. टेपचा कोणताही भाग काचेच्या रबरी बीडिंगवर येऊ देऊ नये. त्या रबराला तो धरत नाही, उलट बीडिंग हलले की शेजारचा टेपही उचलतो.

टेप चौकटीला लावून दाबल्यावर लूव्हर पुन्हा जागेवर धरून पाहावा. दाराची कड आणि काचेचे बीडिंग यांच्यापासून तीन ठिकाणी अंतर मोजावे आणि मास्किंग टेपने खुणा कराव्यात. मागचे दार पूर्ण उघडून-मिटून पाहावे. काही गाड्यांत मागच्या दाराचे हँडलच पिलरमध्ये असते, तिथे बोटे घालायला जागा राहते ना, तेही पाहावे. पेट्रोलचे झाकण उघडताना लूव्हरला अडते का, तेही याच वेळी. दुसऱ्या बाजूची मापे पहिल्या बाजूवरूनच घ्यावीत. डोळ्याच्या अंदाजाने लावलेली जोडी मागून पाहिली की एक खाली, एक वर दिसते.

मग चारही कोपऱ्यांवर टेपचा लाल कागद ३-४ सेंटीमीटर सोलून बाहेरच्या बाजूला दुमडून ठेवावा. लूव्हर खुणांवर अलगद टेकवावा, अंतरे पुन्हा पाहावीत आणि मगच एकेक शेपूट ओढत कागद काढावा. स्टिकर लावताना साबणाचे पाणी मारतात तसे इथे मारायचे नाही. फोम टेप कोरडाच लागतो आणि एकदा टेकला की सरकत नाही. वाकडा बसला तर ओढून पुन्हा लावू नये. तो टेप काढून टाकावा, पृष्ठभाग पुन्हा पुसावा आणि नवा टेप घ्यावा.

आता दाब. हा टेप दाबाने धरतो, त्याला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण १ किलोचा दाब हवा. अंगठ्याखाली एवढीच जागा येते, म्हणजे अंगठ्याने नीट जोर लावून दर सेंटीमीटरवर १० ते १५ सेकंद दाबत पुढे सरकायचे, मग त्यावरून रोलर. पात्यांवर दाबून उपयोग नाही, ती पोकळ असतात. खाली टेप कुठून गेला आहे, त्या रेषेवरच दाबावे. मुठीने ठोकू नये. शेजारची काच कडक केलेली असते, तिच्या कडेला बसलेल्या एका ठोक्याने ती पूर्ण चुरा होऊ शकते.

यानंतर घाई नको. साध्या खोलीच्या तापमानाला या टेपची पकड पहिल्या २० मिनिटांत साधारण निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण होते. पहिले २४ तास चौकटीवर मास्किंग टेपच्या आडव्या पट्ट्या ठेवून गाडी उभीच ठेवावी. ७२ तास गाडी धुऊ नये आणि महामार्गावर नेऊ नये. शनिवारी संध्याकाळी लूव्हर लावून रविवारी सकाळी महाबळेश्वरला निघणाऱ्यांचे लूव्हर वाटेतल्या घाटात पडतात, त्याचे कारण हेच.

तरीही सुटलाच तर निदान टेपकडे पाहून करता येते, फक्त टेप लगेच पुसून टाकू नये. सगळा टेप लूव्हरला राहिला आणि गाडीची बाजू स्वच्छ निघाली, तर गाडीवर मेण, कोटिंग किंवा ओल होती. टेप गाडीला राहिला आणि लूव्हरची पाठ कोरी निघाली, तर साच्याचे मेण राहिले होते किंवा माल पीपीचा आहे. फोम मधोमध फाटून अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहिला, तर चिकटवण्याचे काम चोख होते, चौकटीचा बाक जुळत नव्हता किंवा कोणीतरी ती उपटली. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. दर वेळी नुसता नवा टेप लावत राहिले तर तीच चूक पुन्हा होते.

धुताना प्रेशर वॉशरची तोटी लूव्हरपासून हातभर लांब ठेवायला वॉशिंग सेंटरवाल्याला सांगावे. कडेत थेट मारलेला फवारा टेपखाली शिरतो. पात्यांमागची माती नुसत्या पाण्याने वाहून जाऊ द्यावी, कोरडे फडके घालून ओढली तर तिथल्या चकचकीत प्लॅस्टिकवर ओरखडे उठतात. महिन्यातून एकदा चारही कोपऱ्यांखाली नखाने चाचपावे. नख आत जाऊ लागले तर तो लूव्हर त्याच दिवशी काढावा. सुटू लागलेला कोपरा पुन्हा दाबून धरत नाही, कारण आत धूळ गेलेली असते. विम्याबद्दल एवढेच : बाहेरून बसवलेली ॲक्सेसरी पॉलिसीत नोंदवलेली नसेल, तर तिच्या नुकसानीची भरपाई गृहीत धरू नये.

ज्यांच्या गाडीच्या काचेवर लूव्हर आधीच बसलेले आहेत, त्यांनी ते काढून टाकावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी काढावेत हे अधिक बरे. काच आणि गोंद यांच्या सांध्यात पाणी हळूहळू शिरते, म्हणून काचेवरचे लूव्हर श्रावण-भाद्रपदात, बाहेरून काहीही बदल न दिसता, सुटून पडतात. काढायला हेअर ड्रायरने कड मिनिटभर कोमट करावी. काचेचा एकच ठिपका तापवत बसू नये आणि गरम काचेवर गार पाणीही मारू नये. मग मासेमारीची नायलॉन दोरी किंवा दात साफ करायचा फ्लॉस टेपमध्ये घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढावा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये. राहिलेला फोम अंगठ्याने चोळला की गोळ्या होऊन निघतो, शेवटचा चिकटपणा अल्कोहोलने जातो. काचेवर ब्लेड चालते, रंगावर आणि प्लॅस्टिकवर अजिबात नाही. निघालेली चौकट जपून ठेवून पिलरवर लावण्याचा मोह होईल, पण तिचा बाक काचेसाठी काढलेला असतो, फट मोजल्याशिवाय तसे करू नये.

विक्रेत्यांकडून दोन अपेक्षा आहेत. पाकिटावर प्लॅस्टिकचा प्रकार, वजन, टेपचा प्रकार आणि '७२ तास धुऊ नये' ही सूचना मराठीत छापावी, आणि काचेसाठीचा माल विकताना २०१२ च्या आदेशाची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी. परिवहन विभागानेही कोणत्या जागी अशी शोभेची वस्तू चालते आणि कोणत्या जागी नाही, याचे एक पानी, चित्रांसह मराठी पत्रक काढून प्रत्येक आरटीओत आणि गाड्यांच्या शोरूममध्ये लावावे. नवी गाडी घेणारा माणूस ॲक्सेसरीजचा निर्णय गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी, शोरूमच्या काउंटरवरच घेतो.

आपला,
एक वाचक, चिंचवड